द्वारकाबाईचा हातगुण

पिंपळगाव रेणुकाईत कुणाच्या पोराला ताप आला की द्वारकाबाईला बोलावणं जायचं. ती यायची, पोराच्या कपाळावर हात ठेवायची आणि घरातल्या सगळ्या बायकांना समोर बसवून एकच विचारायची, "गोळी कोण देणार? एकीचं नाव सांगा." बायका एकमेकींची तोंडं बघत. आजी म्हणे मी, काकू म्हणे मी, आत्या माहेरपणाला आलेली असली तर तीही म्हणे मी. नाव ठरल्याशिवाय द्वारकाबाई जागची हलत नसे. पुढं आणलेला चहा निवून जाई. "चहा मागून," ती म्हणायची, "आधी नाव."

गावातला मारवाडी दुकानदार किशनलाल तर तिच्या धाकानं गिऱ्हाईकालाच विचारू लागला होता, की बाबा, गोळी नेतोस खरी, पण ती मोठ्या माणसाला की लेकराला, आणि घरात देणार कोण? लोक हसायचे. हसता हसता नाव मात्र सांगायचे.

आज हे वाचून वाटेल, की बाई जन्मापासूनच अशी खमकी असणार. छे! रामराव पाटलांच्या घरात मधली सून म्हणून आली तेव्हा पहिली सहा-सात वर्षं तिचा आवाज म्हशींनी तेवढा ऐकला होता. सासऱ्यासमोर बोलायचं नाही, सासूसमोर मान वर करायची नाही, आणि वडीलधारी बसलेली असताना आपलं पोर आपण मांडीवर घ्यायचं नाही. हे नियम सगळ्याच घरांत होते. असल्या नियमांना बाप नसतो. कुणी घातले विचारावं तर सगळे आढ्याकडं बघतात. पण द्वारकाबाईच्या वाट्याला त्यातही एक निराळा काटा आला होता, आणि तो होता हातगुणाचा.

हातगुण सगळ्यांना ठाऊक आहे. औषध तेच, पण एकाच्या हातून लागू पडतं, दुसऱ्याच्या हातून वाया जातं. रामरावांच्या घरात या बाबतीत मानाची पायरी ठरलेली होती. सगळ्यात वरचा हात सासूचा, तुळजाबाईचा. तिनं घातलेलं लोणचं कधी नासलं नाही आणि तिनं लावलेलं रोप कधी मेलं नाही. त्याखालोखाल थोरली जाऊ झुंबरबाई, कारण तिची सगळी लेकरं जगली होती. आणि द्वारकाबाई? तिची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली. तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण घरानं मनाशी ठरवून टाकलं, की हिच्या हाताला यश नाही.

तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. यमाला गोड लागू नये म्हणून आजीनं त्याचं नाव कडूबा ठेवलं, आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्याची घुटी, ह्याचं औषध मी देईन, न्हाई तं झुंबर देईल. द्वारके, तू हात लावायचा न्हाई." द्वारकाबाईनं मान हलवली. स्वतःच्या पोराला औषधाचा थेंब पाजायची तिला बंदी झाली. चार वर्षं ती चुलीपाशी बसून दुसऱ्यांचे हात बघत राहिली, आणि आतल्या आत जळत राहिली.

त्या सुमाराला, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी, किशनलालच्या दुकानात मस्तगडच्या पेठेतल्या व्यापाऱ्याकडून गूळ आणि काडीपेट्यांबरोबर पांढऱ्या गोळ्या येऊ लागल्या होत्या. ताप, डोकं, दाढ, कंबर, सगळ्याला तीच. कापसाचं ओझं उचलणाऱ्या गड्याला जी, तीच रांगत्या पोराला. आज लेकरांना ती गोळी डॉक्टर देऊ देत नाहीत, पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं! बरं, गोळी खोटी असती तर लोकांनी फेकून दिली असती. ती खरोखर गुणाची होती, म्हणून तर घात झाला.

पोळा झाला आणि कडूबाला ताप भरला. सकाळीच तुळजाबाईनं गोळी गुळात कालवून चाटवली. थोडा घाम आला, अंग निवलं, पण दुपारच्या आत ताप पुन्हा चढला. तुळजाबाई स्वतःवरच चिडली. "आज माझ्या हाताला गुण न्हाई. झुंबरे, तू दे." झुंबरबाईनं दिली. पहिली गोळी वाया गेली असं सगळ्यांनी धरलंच होतं, आणि वाया गेलेली गोळी कुणी हिशेबात घेत नाही. उन्हं कलताना कडूबाचा बाप बद्रीनाथ जाफराबादच्या बाजारातून आला. त्यानं एक पुडी आणली होती, वर निराळं चित्र, निराळं नाव. "ही जोरदार हाय," म्हणून त्यानं ती पाण्यातून पाजली. चित्र निराळं असलं तरी आतलं औषध तेच होतं. ते कुणाला कळणार?

मग बायका गोठ्यात गेल्या, पुरुष ओसरीवर गेले, आणि आतल्या खोलीत कण्हणारं पोर आणि त्याची आई एवढीच उरली. कोनाड्यात एक गोळी शिल्लक होती. द्वारकाबाईनं रेणुकामायचं नाव घेतलं. एकदाच, फक्त एकदा आपल्या हातून देऊन बघू. आपण आई आहोत, आपल्याच हाताला गुण नसेल तर मग कुणाच्या? तिनं गोळी विरघळवून त्याच्या ओठांना वाटी लावली. पोरानं मुकाट्यानं पिऊन टाकलं.

उजाडता उजाडता कडूबाला उलट्या सुरू झाल्या. श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालू लागला. "आई, माझ्या कानात भुंगा शिरला," असं म्हणून तो डोकं झटकू लागला. झुंबरबाईनं कानात तेल सोडून पाहिलं. भुंगा निघाला नाही. तेव्हा मात्र रामराव उठले आणि बद्रीनाथला म्हणाले, "गाडी जुंप. भोकरदनला जाऊ."

गाडीत तुळजाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली. द्वारकाबाई मागं, पदर तोंडावर ओढून. तिला दिसत होती ती पोराची तेवढी पावलं. कच्च्या रस्त्यानं गाडी हिसके देत होती आणि ती पावलं जिवंत आहेत की नाहीत, हे ती सारखं चाचपून बघत होती.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे, दख्खनी बोलणारे, माणूस भला. त्यांनी पोराची छाती ऐकली, अंगाला हात लावला आणि विचारलं, "क्या दिये इसकू?"

"येक गोळी दिल्ती तापाची," तुळजाबाई म्हणाली. "लागू न्हाई पडली."

"येकच," रामरावांनी दुजोरा दिला. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं, आणि बद्रीनाथ बाहेर बैल सोडत होता.

ताप अंगात, श्वास धापेचा. डॉक्टरांना वाटलं, ताप छातीत उतरला. त्यांनी कंपाउंडरला तापाचं औषध भरायला सांगितलं. कंपाउंडरनं बाटली हलवली, माप घेतलं आणि तो पोराकडं वळला.

द्वारकाबाईनं पदराआडून ते माप पाहिलं. सासूचा हात, जावेचा हात, नवऱ्याचा हात, आपला हात, आणि आता हा आणखी एक! पोराचं एवढंसं पोट, आणि त्यात चारही हातांचं औषध साचलेलं. बोललं नाही तर पोर जाईल. बोललं, आणि तरीही पोर गेलं, तर जन्मभर घर म्हणेल की हिच्या हातानं गेलं. तिसरं लेकरूही हिनंच खाल्लं म्हणेल. तिला दोन्ही अगदी स्पष्ट दिसलं.

"थांबा!" ती म्हणाली.

रामराव दचकून वळले. सुनेचा आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते.

"येक न्हाई दिली," द्वारकाबाई म्हणाली. "काल सकाळी आत्याबाईनं दिल्ती. मंग जाऊबाईनं. मंग ह्यांनी जाफराबादहून पुडी आणल्ती, ती पाजली."

"और?" डॉक्टरांनी विचारलं.

"आन मंग म्या दिली."

"तू?" तुळजाबाई किंचाळली. "तुझ्या हातानं?"

"हौ, माझ्या हातानं. मला काय म्हणायचं ते मागून म्हणा आत्याबाई. आधी साहेबाला समदं कळू द्या."

डॉक्टरांनी हात वर करून कंपाउंडरला थांबवलं. ते पोराच्या कानाशी वाकले. "बेटा, कान में आवाज आता क्या?" कडूबानं मान हलवली. "भुंगा," तो पुटपुटला. ही गोळी जास्त झाली की कानात असंच गुणगुणतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी माप परत बाटलीत ओतलं. "बुखार कम है, दवा ज्यादा हुई," ते म्हणाले आणि बाह्या सारून कामाला लागले. पोराचं पोट धुतलं. सोडा घातलेलं पाणी घोटघोट पाजत राहिले. बद्रीनाथ दाराशी बसून लहान मुलासारखा रडत होता. आपली ती जोरदार पुडी त्याच्या डोळ्यांपुढून हटत नव्हती.

दिवस कलला तेव्हा कडूबाचा श्वास आपल्या चालीवर आला. रात्र दवाखान्यातच काढली. सकाळी त्यानं डोळे उघडले, भिंतीवरच्या पालीकडं बोट केलं आणि भाकर मागितली. भाकर! द्वारकाबाईला त्या दवाखान्यात नाचावंसं वाटलं. रामराव नुसते "रेणुकामाय, रेणुकामाय" म्हणत राहिले.

निघताना डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं. "पेट को क्या मालूम हाथ किसका है?" ते म्हणाले. "जो गोली बेकार गई समझते, वो भी पेट में हैच." मग त्यांनी बैजवार सांगितलं. लेकरू म्हणजे लहान आकाराचा गडी नव्हे, त्याला त्याच्या वजनाप्रमाणं भाग. एक मात्रा दिली की मधे वेळ जाऊ द्यायचा, ताप हटला नाही म्हणून वर दुसरी लोटायची नाही. पाकिटावरचं नाव निराळं असलं तरी आत तेच औषध असू शकतं, म्हणून दोन्ही एकदम नकोत. अंगावरच्या बाळाला तर विचारल्याशिवाय काहीच नाही. आणि घरात औषध देणारा माणूस एकच. कडूबाच्या अंगामानानं त्यांनी थोड्या पुड्या बांधून दिल्या. द्वारकाबाईनं प्रत्येक शब्द गाठीला बांधला.

घरी आल्यावर एक हात कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. पुड्या तुळजाबाईनं आपल्या चंचीत ठेवल्या. थोरला हात तो थोरला हात. द्वारकाबाईला कुणी रागावलं नाही आणि कुणी शाबासकीही दिली नाही.

नवरात्र बसायच्या आधी कडूबाला पुन्हा ताप आला. सकाळी तुळजाबाईनं पुडी दिली. दुपारी अंग तापलं तशी म्हातारी घाबरली, आणि घाबरलेलं माणूस जुन्याच वाटेनं पळतं. कडूबाला ओसरीवरच निजवलेलं, तिथंच रामराव, बद्रीनाथ, शेजारचे दोघं बसलेले. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "माझ्या हाताला गुणच उरला न्हाई. झुंबरे, घे ही पुडी, तू दे बरं."

झुंबरबाईनं पुडी घेतली. ती सोडणार, तेवढ्यात द्वारकाबाई आतून आली. डोक्यावरचा पदर नीट होता, पण मान वर होती. तिनं जावेच्या हातातली पुडी काढून घेतली.

"सकाळची पोटात हाय. दिवेलागणीपस्तोर दुसरी न्हाई. आन ती बी म्या देणार."

"ताप चढून राह्यला, आन तू न्हाई म्हंती?" तुळजाबाईचा आवाज चढला.

"हौ. अंग पुशीन, पेज पाजीन, भुंगा म्हणला तं गाडी जुंपायला लावीन. पुडी न्हाई."

"आन काही झालं तं?"

"झालं तं माझ्या हातानं झालं म्हणा. चावडीवर जाऊन म्हणा. पण आता माझ्या लेकराला दुसरा हात न्हाई."

एवढं बोलून ती भर ओसरीत, सासऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर खाली बसली आणि तिनं कडूबाला मांडीवर घेतलं. चार वर्षांचं पोर, आणि आईनं त्याला दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर असं पहिल्यांदाच घेतलं होतं. ते तिच्या कुशीत असं शिरलं, की जणू जागा ठरवूनच ठेवली होती.

शेजाऱ्यांनी पागोटी सावरली. आता म्हातारा कडाडणार, असं बद्रीनाथला वाटलं. रामराव उठले. मोठ्या रांजणापाशी गेले, स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरला, खांद्यावरचं धुतलेलं उपरणं काढलं आणि दोन्ही आणून सुनेच्या पुढ्यात ठेवलं. "पूस अंग," ते म्हणाले, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

दुपारभर ती उपरण्याची घडी भिजवत राहिली. कपाळ, काखा, पावलं. झुंबरबाईनं न सांगता पेज करून आणली. तुळजाबाई खांबाला टेकून बघत होती. आधी रागानं, मग नुसतीच. उन्हं उतरली तसा तापही उतरू लागला. कडूबा आईच्या पाटल्यांशी खेळत पडून राहिला. देवापुढं दिवा लागला तेव्हा तुळजाबाई हळूहळू उठली. तिनं कमरेची चंची सोडली आणि उरलेल्या सगळ्या पुड्या द्वारकाबाईच्या ओटीत टाकल्या.

"वेळ झाली का गं?" सासूनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सुनेला काहीतरी विचारत होती.

"झाली आत्याबाई."

"मंग दे. तुझ्याच हातानं दे."

द्वारकाबाईनं पुडी सोडली. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसून तिनं वाटी नीट धरली आणि आपल्या पोराला आपल्या हातानं औषध पाजलं.