तळजाईच्या रानात मंदाकिनीबाई धावल्या

येरवड्याच्या वस्त्यांमध्ये मंदाकिनीबाई ओगल्यांना लोक चेहऱ्याआधी चालीवरून ओळखत. एकतीस वर्षं त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि त्यातली बरीचशी वर्षं लसीची पेटी खांद्याला अडकवून घरोघर फिरण्यात गेली. बोळाच्या तोंडाशी त्यांच्या चपलांचा आवाज आला की आया पोरांना धरून बसवत, कारण बाईंना थांबायला वेळ नसे. त्यांचे यजमान श्रीधरराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. रेघा ओढणारा माणूस; घाई त्यांच्या गावीही नव्हती. दोघं मंडईत निघाली की मंदाकिनीबाई पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत आणि हे पोचले की म्हणत, "आलात? मला वाटलं, वाटेत मुक्काम केलात."

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात निघाला. हाताचं बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. चहाचा कप अर्धाच भरून घ्यायला लागल्या, झालं. पण पुढे पायांनीही साथ सोडली. दारातून बाहेर पडताना, वळताना पाय एकदम फरशीला चिकटल्यासारखे होत. वरचं अंग पुढे निघे आणि पाय जागच्या जागी. रेघ दिसली की पाय उचलला जातो, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं, तेव्हा श्रीधररावांनी फूटपट्टीने मापून घरभर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. अगदी काटकोनात.

"जन्मभर धरणांच्या रेघा ओढल्यात," बाई म्हणाल्या, "आता माझ्यासाठी ओढा."

आवाज बारीक झाला होता आणि चेहराही ताठ झाला होता. हसू आतल्या आत राही, चेहऱ्यापर्यंत येत नसे. त्या थट्टा करताहेत की रागावल्यात हे आता फक्त श्रीधररावांना कळे.

तेरा सालच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, थंडी मऊ पडली होती. सहकारनगरातल्या त्यांच्या घरापासून तळजाईची टेकडी हाकेच्या अंतरावर, पण वर्षभरात बाई तिकडे गेल्या नव्हत्या. त्या सकाळी नाश्ता झाल्यावर त्या अचानक म्हणाल्या, "अहो, मला झाडं बघायचीत. रिक्षा बोलवा."

श्रीधररावांनी स्वेटर, पाण्याची बाटली, दहा वाजताच्या गोळ्या असं सगळं पिशवीत भरलं. रिक्षा वर मैदानापर्यंत गेली. तिथून रानात जाणारी मातीची वाट बऱ्यापैकी सपाट होती. दोन्ही बाजूंना गिरिपुष्पाची झाडं, पानं निम्मी गळलेली, त्यामुळे ऊन थेट वाटेवर उतरलेलं. कुठेतरी मोर ओरडत होता. श्रीधररावांनी बाईंचा दंड धरला आणि दबक्या आवाजात "एक, दोन, एक, दोन" म्हणत त्यांना चालवत नेलं. पन्नासेक पावलं बरी गेली. मग वाट दोन खडकांच्या मधून अरुंद झाली आणि बाईंचे पाय थिजले.

"एक," श्रीधरराव म्हणाले. "एक, मंदा."

"ऐकू येतंय मला. पायांना येत नाहीये."

त्यांनी दंड तसाच धरून ठेवला. घाई केली की जास्तच अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. मनात मात्र हिशेब चालला होता: इथून मैदान किती लांब, उचलून न्यायची वेळ आली तर कुणाला हाक मारायची. आपण तिला इथे आणायलाच नको होतं, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात मागून धप धप पावलं आली. पन्नाशीची एक बाई पळत येत होती. सुती लुगड्याचा काष्टा, डोक्याला रुमाल आणि पायात पुरुषी बूट. ही धनकवडीची सोजरबाई. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, शेतातली कामं संपली, घरी बसून साखर वाढली, तेव्हापासून डॉक्टरच्या सांगण्यावरून ती रोज इथे पळायची. हे सगळं अर्थात ओगल्यांना नंतर कळलं. तेव्हा तिने खडकांपाशी येऊन जागच्या जागीच पाय हलवत विचारलं, "अवं ताई, वाट अडवून का हुब्या? चला की पळत माझ्यासंगं."

"अहो, त्यांना बरं नाही," श्रीधरराव घाईने म्हणाले. "त्यांना चालता येत नाही."

"अगं बया," सोजरबाई म्हणाली आणि ओशाळून अंग चोरत खडकांमधून पुढे निघाली. तिचे बूट मातीवर एका लयीत आपटत गेले. धप, धप, धप.

मंदाकिनीबाई त्या पावलांकडे बघत होत्या. "हात सोडा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सोडा म्हणते ना."

इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा स्पष्ट आला नव्हता. श्रीधररावांची पकड आपोआप सुटली. बाई किंचित पुढे झुकल्या, आणि डावा पाय उचलला गेला, मग उजवा. त्या चालल्या नाहीत. त्या पळाल्या. पातळाच्या निऱ्या डाव्या मुठीत धरून, थरथरणारा उजवा हात कोपरात दुमडून, सोजरबाईच्या पावलावर पाऊल टाकत त्या दोन खडकांच्या मधून निघूनसुद्धा गेल्या.

श्रीधररावांना क्षणभर काही उमजलंच नाही. मग ते पिशवीसकट मागे धावले. शाळा सुटल्यापासून ते कधी पळाले नव्हते. बाटली कमरेवर आदळत होती, चष्मा नाकावरून घसरत होता, आणि "मंदा, पडशील, अगं पडशील," एवढंच तोंडातून येत होतं. पण मंदा पडत नव्हती. पाठ सरळ, पावलं मोकळी. वाट वळली तिथे त्याही सहज वळल्या. घरात न्हाणीघराच्या दारात वळायला त्यांना पाच मिनिटं लागत. पळता पळता श्रीधररावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुढचं दिसेना.

दोनशे पावलांवर बाईंची हाक आली. "अहो, मला थांबता येत नाहीये."

सोजरबाईने मागे वळून पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. ती फिरली, पाय रोवून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. मंदाकिनीबाई सरळ तिच्या अंगावर जाऊन आदळल्या. दोघी डुलल्या, पण पडल्या नाहीत.

"गावल्या," सोजरबाई म्हणाली. "आता दम घ्या, ताई. मी हाय."

श्रीधरराव धापा टाकत पोचले. बाईंचे गाल लाल झाले होते, केस सुटले होते, आणि ओठांचा एक कोपरा वर गेला होता. थोडासाच, पण कुणालाही दिसावा इतका.

"आलात?" त्या म्हणाल्या.

त्यांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली आणि बायकोचा हात दोन्ही हातांत धरून तिथेच मातीत बसकण मारली.

परतताना सगळं पूर्वीसारखं झालं. चार वेळा पाय अडले, मैदानावर पोचायला पाऊण तास लागला. सोजरबाई दुसऱ्या बाजूने हात धरून शेवटपर्यंत आली आणि रिक्षात बसवून गेली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. काहींना चालता येत नाही पण पळता येतं, असं ते म्हणाले. का ते नक्की सांगता येणार नाही. यानं दुखणं बरं होणार नाही. पण मऊ माती असेल, सोबत दोन माणसं असतील, तर पळू द्या.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिघं तळजाईला जायला लागली. सोजरबाई पुढे, मंदाकिनीबाई मधे, श्रीधरराव मागे. थांबायचं झालं की सोजरबाई फिरून हात पसरायची. दोन हिवाळे हे चाललं. कधी शंभर पावलं, कधी चारशे. श्रीधरराव या नादात चांगलेच पळायला शिकले, पण बायकोच्या पुढे एकदाही गेले नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यात पाय पळायलाही तयार होईनात. तरी बाईंनी तळजाईला जाणं सोडलं नाही. श्रीधरराव चाकांची खुर्ची मैदानाच्या कडेला उन्हात लावत, शाल पांघरत, आणि तिथेच बसून राहू बघत. सोजरबाई येऊन शेजारी जमिनीवर टेके.

"तुम्ही कशाला बसलात?" बाई पुटपुटत. ऐकायला कान ओठांशी न्यावा लागे. "जा, पळून या."

"मी एकटा?"

"मग काय वरात काढू? जा. सोजरबाई आहे माझ्यापाशी."

ते जात. गिरिपुष्पांमधून, त्या दोन खडकांच्या मधून, वळणापर्यंत आणि परत. आले की खुर्चीजवळ उकिडवे बसून, धाप ओसरायच्या आत, सांगायला सुरुवात करत: आज दोन मोर दिसले, एकाचा पिसारा तुटका होता, वाटेवर कुणीतरी नवीन माती टाकलीय, वळणावरच्या झाडाला फुलं आलीत, जांभळट गुलाबी.

बाई डोळे मिटून ऐकत. मधेच विचारत, "आणि पुढे?"

"पुढे मी गेलोच नाही."

"मग पुढच्या वेळी जा," त्या म्हणत, "आणि सांगा."