मोकळ्या मनगटांची अट

लढाईचे दिवस होते. सोल्जरांनी भरलेल्या गाड्या लोणावळ्याहून घाटाकडे निघाल्या की आमच्या रेल्वे क्वार्टरमधली भांडी फळीवर थरथरायची. त्याच गाड्यांच्या इंजिनांत कोळसा टाकणारा माझा नवरा मात्र आषाढापासून भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याचा जीव घाबरा व्हायचा. पायांवर सूज इतकी, की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. मी लग्नाआधी पुण्यात नर्सचं काम शिकलेली. तो खळगा काय सांगतो हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही ठाऊक होतं. दोघांनीही कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

कामावर न जाणाऱ्याला क्वार्टर कोण ठेवू देणार? दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा, असा निरोप आला. औंढ्याला सासरचं घर होतं. पण तिथे न्यायचं तर त्याला बैलगाडीत घालून खड्ड्यांतून न्यायचं, आणि रात्री दम लागला तर डॉक्टर लोणावळ्यात. म्हणजे तो वाटेतच जायचा किंवा पोचून जायचा. मला लोणावळा सोडायचं नव्हतं. त्याला शेवटपर्यंत औषधाच्या जवळ ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अशात कळलं की इथल्या दवाखान्यात नर्सची जागा होणार आहे, आणि जागेबरोबर मागच्या बाजूची एक खोली. मी पदर खोचून डॉक्टरांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "आठ वर्षं तुम्ही चूल फुंकलीत, बाई. औषधं बदलली, पद्धती बदलल्या. आधी आमच्या सिस्टरच्या मागं पंधरा दिवस उभ्या राहा. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. त्या हो म्हणाल्या तर मी घेतो."

चूल फुंकलीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात रोज कोणाची नाडी बघत होते मी? पण गरजवंताला अक्कल नसते. "बरं" म्हणून सिस्टरकडे गेले.

सिस्टर नगरकडची ख्रिस्ती बाई. उंच, कोरडी, बोलणं करवतीसारखं. तिनं माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघितलं.

"सोमवारी सकाळी या. मनगटं मोकळी करून."

"बांगड्या वर सरकवून फडक्यानं बांधते."

"माझ्याकडे बाळंतिणी असतात. काचेखाली मळ राहतो, आणि काच फुटते. मोकळी म्हणजे मोकळी. नाहीतर येऊ नका."

ती चुकीचं काही बोलत नव्हती, हेच तर वाईट. शिकत असताना मी कुवार होते. दोन सैल बांगड्या असायच्या, काढून खुंटीला अडकवायच्या की झालं. आता हातात लग्नानंतरचा हिरवा चुडा होता. कासारणीनं पंजा दाबून दाबून बसवलेला, आणि त्यावर कामानं हात रुंद झालेले. घरी येऊन साबण लावून ओढून बघितलं. कातडं सोललं, बांगडी हलेना.

बाजारातल्या कासारणीकडे गेले. तिनं माझा हात हातात घेतला, दाबून बघितला, मग विचारलं, "नव्या कुठल्या भरू?"

"नव्या नकोत. नुसत्या उतरवून दे."

तिनं हात असा सोडला की जणू चटका बसला. "मालक हायती न्हवं? मग म्या न्हाई हात लावायची. नव्या भरतानाबी येक जुनी ठिवूनच बाकीच्या उतरवतो आमी. सवाशिणीचा हात उघडा करायचं पाप माज्या माथी नगं, बाई."

ती खबर माझ्या आधी घरी पोचली. लेकाच्या आजारपणापासून आमच्याकडेच राहिलेल्या सासूबाई दारातच बसल्या होत्या. "माज्या लेकाच्या जिवावर उठलीस व्हय गं? त्यो बसलाय तवर चुडा न्हाई काढायचा."

"आत्याबाई, मग दिवाळीनंतर ऱ्हायचं कुठं?"

"झाडाखाली ऱ्हाऊ."

त्यांनी आधीच दोन लेकरं मातीत घातली होती, हे शेवटचं. मला त्यांची कीव येत होती आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय, ते तेव्हा मला कळलं.

आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंचं निमित्त होतं. रविवारी दुपारी मी मोरीत बसून वरवंटा हातात घेतला होता. जंतू शिकलेली, मुडदे बघितलेली बाई मी. तरी तो वरवंटा मनगटापर्यंत नेता येईना. आपण ठोका घातला आणि आत त्याचा श्वास थांबला तर? वरवंटा खाली ठेवून मी तोंडात पदर कोंबून रडले.

"अगं, हिकडं ये," तो आतून म्हणाला.

मी डोळे पुसून गेले. त्यानं सगळं ऐकलं होतं. एका खोलीच्या घरात काय लपणार?

"आण हात."

मी पुढे केला. त्यानं ओला पंचा माझ्या मनगटाभोवती गुंडाळला आणि त्याच्या गोळ्या कुटायचा बत्ता उचलला. आत्याबाई ओरडल्या, "आरं लेका, काय करतूस!" पण पुढे यायचा धीर त्यांना झाला नाही. एक बांगडी वाढवायची, मग तो दम खायचा, मग दुसरी. फुटली म्हणत नाहीत ना आमच्यात, वाढवली म्हणतात. कपाळावर घामाचे थेंब, ओठ निळे. दुसऱ्या हाताला आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, पुरे, उद्या करू."

"न्हाई," तो म्हणाला. "येकदाच काय ते हू दे."

शेवटी एक काच मला लागलीच. त्यानं तुकडे पंच्यातच गुंडाळून कोपऱ्यात सरकवले. "कुनाच्या पायात जातील," म्हणाला, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी त्याच्या छातीकडे बघत बसले. छाती हलत होती.

सोमवारी पदराखाली हात लपवून बाजारातून गेले. सिस्टरनं मनगटावरची जखम बघितली, कपाळावरचं कुंकू बघितलं, आयोडिन लावलं. "चला," म्हणाली, आणि मी तिच्या मागे चालायला लागले. नव्या गोळ्या, नवी इंजेक्शनं, सगळं डोळ्यांनी गिळत होते. पंधरा दिवसांनी तिनं डॉक्टरांना सांगितलं, "घ्या हिला."

दिवाळीच्या आत आम्ही मागच्या खोलीत आलो. त्याला खाटेवर बसवून चौघांनी उचलून आणला. रात्री दम लागला की आता डॉक्टर अंगणापलीकडे होते. थंडी सरेपर्यंत तो टिकला. माझ्याच हातचं इंजेक्शन घेऊन, माझ्याच खांद्याला टेकून गेला.

औंढ्याहून बायका आल्या. त्यांनी माझं कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं. मग त्यांतली एक म्हातारी दगड घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिनं माझा हात ओढला. हात उलटा केला, सुलटा केला, दुसरा बघितला.

आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "ठिव त्यो दगड खाली. माज्या लेकानं तुमच्यासाठी काय ठिवलं न्हाई."