गोल स्टेडियमचा माणूस

पिट्सबर्गच्या जुन्या गोल स्टेडियमला चांगलं म्हणणारा माणूस शोधायचा, तर पोलिश टेकडीवर क्लेम दुडेकच्या दारातच जावं लागे. बाकी सगळं शहर त्याला नावं ठेवायचं. काँक्रीटचं भांडं, म्हणायचे. आत बसलं की वर आकाशाची एक चकती आणि समोर आपल्यासारखीच चेहरे वर करून बसलेली माणसं. गवतसुद्धा खोटं, उन्हाळ्यात बुटांचे तळवे पोळणारं. क्लेम हे सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "भांडं तर भांडं. गळलं का कधी?"

असं म्हणायचा त्याला हक्क होता, कारण ते भांडं घडवणाऱ्या हातांत त्याचेही हात होते. त्याचे वडील काँक्रीटला शेवटची थापी मारणारे कारागीर. घरात त्यांना ताता म्हणत. मिसरूड फुटलेल्या क्लेमला त्यांनी हाताखाली घेतलं ते याच कामावर. प्रेक्षकांनी चढून वर जायची जी लांबलचक वळणावळणाची चढण होती, ती या बापलेकांच्या टोळीकडे होती. जानेवारीत नदीवरून वारा सुटे. ओतलेलं काँक्रीट गोठू नये म्हणून त्यावर पेंढा पसरायचा, पेंढ्यावर ब्लँकेटं टाकायची आणि मगच घरी जायचं. त्या हिवाळ्यात घरापेक्षा चढणीवर पांघरुणं जास्त होती, असं आई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

स्टेडियम उघडलं तेव्हा ताता दोन्ही मुलांना घेऊन बेसबॉलचा सामना बघायला गेले. क्लेमची धाकटी बहीण हलीना तेव्हा शाळेत होती. सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या जागा. तिथून चेंडू म्हणजे मोहरीचा दाणा. पण तातांचं चेंडूकडे लक्षच नव्हतं. ते मधूनमधून उठत, चढणीच्या कठड्याशी जाऊन उभे राहत आणि वर येणाऱ्या लोकांचे पाय बघत. परत येऊन बसले की क्लेमच्या गुडघ्यावर हात ठेवत. "कोणी अडखळत नाही," एवढंच म्हणत. क्लेमला पुढच्या तीस वर्षांतले कितीतरी सामने आठवत होते, पण पहिला आठवला की खेळ आठवत नसे, गुडघ्यावरचा तो खरखरीत हात आठवे.

हलीनाचं मत वेगळं होतं. तिला आठवे त्याच्याही आधीचं, विद्यापीठाजवळचं स्टेडियम, वेलींनी झाकलेल्या भिंतीचं. तिथे छताचे खांब नेमके डोळ्यांसमोर येत. माणसं सामनाभर डावीकडे-उजवीकडे झुकत राहत आणि अख्खी रांग एकदम झुकली की हलीनाला हसू फुटे. भिंतीपलीकडे झाडं दिसत. "स्टेडियममध्ये बसून आपण कुठल्या गावात आहोत ते कळलं पाहिजे," ती म्हणे. "तुझ्या भांड्यात बसलं की आपण पिट्सबर्गमध्ये आहोत की चंद्रावर, काही पत्ता लागत नाही."

"लोक सामना बघायला येतात की झाडं मोजायला?" क्लेम विचारी.

हा वाद हलीनाच्या लग्नानंतर आणखी रंगला, कारण तिचा नवरा ऑगी ब्रेनर दोघांच्याही म्हणण्याला मान डोलवी. ऑगी ट्राम चालवायचा, स्वभावाने मऊ. दर उन्हाळ्यात हलीनाला गाडीत घालून एखाद्या नव्या शहराचं स्टेडियम दाखवून आणी. एका वर्षी सिनसिनाटीला जाताना क्लेमही सोबत गेला. तिथलं स्टेडियमही तसंच गोल, तसंच काँक्रीटचं, तसंच नदीकाठी. क्लेमला परगावी पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. ऑगीला जरा जास्तच वाटलं. सामना संपल्यावर तो घरच्या सवयीने नेहमीच्या बाजूच्या दारातून बाहेर पडला, नेहमीचा जिना उतरला आणि घरी जिथे गाडी लावायचा तिथे जाऊन उभा राहिला. गाडी चोरीला गेली म्हणून त्याने पोलिसालाही बोलावलं. आपण सिनसिनाटीत आहोत आणि गाडी दुसऱ्या टोकाला आहे हे हलीना येऊन सांगेपर्यंत पोलीस, ऑगी आणि क्लेम तिघेही रिकाम्या जागेकडे बघत उभे होते.

गोल स्टेडियम तीस वर्षं टिकलं. मग शेजारीच नवं बांधलं गेलं आणि जुनं सुरुंग लावून पाडायचं ठरलं. फेब्रुवारीतली रविवारची सकाळ होती. अर्धं शहर समोरच्या डोंगरावर थर्मास घेऊन जमलं होतं. ताता तोवर राहिले नव्हते. क्लेम उभा होता, शेजारी हलीना आणि ऑगी. आधी नुसते धुराचे ठिपके दिसले, मग आवाज आला, मग वर्तुळ एका बाजूने मिटत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑगीने डोक्यावरची टोपी काढली.

क्लेम तिथेच म्हणाला, "त्या नव्यात मी पाऊल ठेवणार नाही."

त्याने ते पाळलं. आरडाओरडा नाही, कोणाला उपदेश नाही. सामने तो रेडिओवर ऐके. ओळखीचे लोक त्याला तिकिटं भेट देत, तो ती शेजाऱ्यांना वाटून टाकी. संघ वर्षानुवर्षं हरत होता, त्यामुळे रेडिओवर ऐकलं तरी दुःख तेवढंच होतं. ऑगी आणि हलीनाने मात्र नव्या स्टेडियममध्ये शनिवारच्या सामन्यांसाठी दोन जागा मोसमभराच्या घेऊन ठेवल्या होत्या. ऑगी दाण्याच्या शेंगा फोडून दाणे तिच्या तळहातावर ठेवी, कारण तिची बोटं संधिवाताने वळली होती.

ऑगी गेला तो हिवाळा संपता संपता. एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला तेव्हा हलीनाने भावाला एकदाच विचारलं: येशील का शेजारी बसायला? क्लेम म्हणाला, दुसरं काहीही माग. तिने दुसरं काही मागितलं नाही. पण ती जागाही तिने कोणाला दिली नाही. ऑगीच्या पुतण्याने मागितली, चर्चमधल्या मैत्रिणीने मागितली. हलीनाचं उत्तर एकच: ती जागा क्लेमची आहे.

हे क्लेमच्या कानावर येत होतं. बहिणीला एकटं पाठवणं त्याला जमेना, आत जाणंही जमेना. मग तो तिला पुलावरून चालवत दारापर्यंत नेई आणि स्वतः नदीकाठच्या पायऱ्यांवर रेडिओ घेऊन बसे. सामना संपला की तिला घेऊन घरी. मे गेला, जून गेला. पण पायऱ्यांवर बसण्यात एक अडचण होती. आतला जल्लोष रेडिओच्या आधी कानावर येई. प्रत्येक वेळी क्लेमची मान आपोआप भिंतीकडे वळे. ते त्याला आवडेनासं झालं. जुलैतल्या एका शनिवारी त्याने जाहीर केलं की आपण आणि आपला जुना मित्र रूडी ईरी सरोवरावर मासे पकडायला जाणार. हलीना म्हणाली, जा की.

शनिवारी सकाळी क्लेम गळ आणि डबा घेऊन घराबाहेर आला, तर गॅरेजच्या दारासमोर एक खुर्ची.

स्वयंपाकघरातली, पिवळ्या रेक्झिनची, फाटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. कोणाची ते ओळखायला त्याला क्षणभरही लागलं नाही. पिट्सबर्गमध्ये रस्त्यावर खुर्ची ठेवली की गाडी लावायची ती जागा खुर्ची ठेवणाऱ्याची. मग हिमवर्षाव असो, सण असो, राजा येवो. दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्या माणसाशी त्या टेकडीवर कोणी बोलत नाही. क्लेमने स्वतः आयुष्यात एकदाही हलवली नव्हती. खुर्चीच्या बैठकीवर एक तिकीट चिकटवलेलं होतं.

त्याने हलीनाला फोन लावला. तिने उचलला नाही. समोरच्या घराच्या पायरीवर पेट्रोचेली बाई कॉफी पीत बसल्या होत्या आणि कितीतरी वेळ बसल्या असाव्यात.

"बहीण येऊन गेली तुमची," त्या म्हणाल्या. "बसने गेली पुढे."

"ही जरा बाजूला करता का? माझी गाडी आत आहे."

"मी? चाळीस वर्षं राहतेय मी इथे, मिस्टर दुडेक." पेट्रोचेली बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही करा की. मी बघते."

क्लेम खुर्चीभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने रूडीला फोन केला, गॅरेजसमोर खुर्ची आहे म्हणून सांगितलं. पलीकडून रूडी म्हणाला, मग काय, इलाजच नाही.

"तिकीट काढून घेतलंत तर चालेल," पेट्रोचेली बाई समोरून म्हणाल्या. "ते खुर्चीत धरत नाहीत."

दुपारी पुलावर गाड्या बंद होत्या, उशिरा निघालेल्या माणसांचा लोंढा चालला होता. क्लेम तिकीट खिशात घालून त्यातून ताठ मानेने चालत गेला, जणू कोणाशी भांडायला निघालाय. आणि निघाला होताच. खुर्ची हलव, एवढंच सांगायचं आणि परत फिरायचं. दारातून आत पाऊल टाकताना त्याने खालीच बघितलं. पायाखालचं काँक्रीट त्याने बुटाच्या टाचेने दाबून पाहिलं, पायरीची कड बोटाने चाचपली. काम चांगलं होतं. याचा त्याला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण थापी मारणाऱ्याने काय बिघडवलं होतं?

हलीना तिच्या जागेवर होती. शेजारची जागा रिकामी. ती मान न वळवता म्हणाली, "तिसरी इनिंग चाललीय. खाली बस, मागच्यांना दिसत नाही."

"मी खुर्चीसाठी आलोय."

"तीच दाखवतेय. बस."

मागून कोणीतरी ओरडलंच, म्हणून तो बसला. समोर हिरवं, खरं गवत होतं. त्यापलीकडे नदी, पिवळा पूल आणि सगळं शहर उन्हात उभं. क्लेमने त्या देखाव्याकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. ऊन डोळ्यांवर येतंय, तो म्हणाला, भांड्यात येत नसे. खुर्च्या अरुंद आहेत. हलीनाने प्रत्येक तक्रारीला हं म्हटलं. आपला संघ दोन धावांनी मागे होता.

"मी शपथ मोडलीय, हलीना," काही वेळाने तो हलकेच म्हणाला. "तातांचं काम पाडलं त्या लोकांनी."

"तातांचं काम माणसांना वर आणून बसवायचं होतं, क्लेम." ती मैदानाकडेच बघत होती. "मला एकटीला नाही बसवत इथे. एप्रिलपासून नाही बसवत. येते, कारण आले नाही तर ऑगी पुरताच गेला. पण बसवत नाही."

सातवी इनिंग अर्ध्यावर आली. खेळ थांबला आणि बेसबॉलच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सगळं स्टेडियम गाणं म्हणायला उभं राहू लागलं. क्लेम हाताची घडी घालून बसून राहिला. उठून गाणं म्हणजे शरण जाणं, असं त्याने ठरवलं होतं. हलीनाने उठायचा प्रयत्न केला. गुडघा सरळ होईना. तिचा उजवा हात आपसूक शेजारी गेला आणि क्लेमच्या खांद्यावर विसावला, सवयीने, न बघता. मग तो खांदा ओळखीचा नाही हे हाताला कळलं. ती अर्धवट उठलेली, तशीच थांबली.

क्लेमने तिचा हात तिथेच धरून ठेवला आणि सावकाश उभा राहिला. त्याच्याबरोबर तीही उठली. तो गायला नाही. पण गाणं संपेपर्यंत खाली बसला नाही.

संघ सामना हरला. दोघे पुलावरून परत निघाले तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि गर्दीत कोणीतरी चेंडू टाकणाऱ्या पिचरला शिव्या घालत होतं. अर्ध्या पुलावर क्लेम म्हणाला, "गोल स्टेडियम यापेक्षा चांगलं होतं."

"पुढच्या शनिवारी आत बसून म्हण."

"म्हणेन," क्लेम म्हणाला. "दर शनिवारी म्हणेन."

हलीनाने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघे पूल उतरू लागले.