पास्कलचा बिल्ला

"बूट बाहेर काढ. गालिचा नवा आहे."

काढले. साहेबांच्या केबिनमध्ये मी मोज्यांवर उभा. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. साहेबांनी तो कंपनीच्या वकिलाला दाखवला. दोघं हसले. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणाले नाहीत. टेबलावर वाकून मी लिहायला लागलो. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. "पास्कलने लाइन बंद करण्याची परवानगी घेतली नव्हती. त्याचा बिल्ला टांगलेला नव्हता." खाली माझी सही.

खोटं होतं. शब्दन् शब्द खोटा.

वालीवच्या कारखान्यांना वीज देणारी आमची कंपनी खाजगी. मी सबस्टेशनवर ऑपरेटर. पास्कल लाइनमन, पाचूबंदरच्या कोळ्यांतला. आमच्यात एक रीत होती. खांबावर चढण्याआधी लाइनमनने आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला स्विचच्या दांड्याला अडकवायचा. उतरल्यावर त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. बिल्ला दिसला की समजायचं, वर माणूस आहे.

त्या दुपारी एका कारखानदाराचे फोनवर फोन येत होते. साहेब स्वतः कंट्रोल रूममध्ये आले.

"चालू कर."

"साहेब, बिल्ला आहे. पास्कल वर आहे."

"उतरला असेल. मला शिकवतोस? नोकरी जड झालीय का?"

बायकोला सातवा महिना होता. नालासोपाऱ्याची खोली भाड्याची. ही कारणं मी स्वतःला हजारदा सांगितलीत. माझ्या हाताने बिल्ला काढला, खिशात टाकला आणि दांडा वर केला.

पास्कल उतरला नव्हता.

त्याला शॉक बसला. उजवा हात कोपरापासून कापावा लागला. दवाखान्यात भेटायला गेलो, तर त्याने एकच विचारलं. "माझा बिल्ला कुनी काढला रे?"

मी म्हणालो, "माहीत नाही." मनात स्वतःलाच म्हटलं, मेल्या, तो तुझ्याच खिशात आहे ना!

माझ्या त्या कागदावर कंपनीने त्याला कामावरून काढलं. नियम मोडून खांबावर चढला म्हणे. युनियन हायकोर्टात गेली. वसईच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या आमच्या वकीलबाई सांगायच्या, "वीज लोकांची गरज आहे, परवाना सरकारचा आहे. मग घटनेतला न्याय या कामगाराला का नाही? हेच विचारायचंय." सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. सगळ्यांत जास्त आशा मला होती. का, ते आज सांगतो. बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की हायकोर्टातल्या अशा रिट अर्जात सहसा साक्षीदार उभे करत नाहीत, कागदांवरच चालतं. म्हणजे पास्कलला न्याय मिळाला असता आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. असला मी.

हायकोर्टाने अर्ज फेटाळला. वीज लोकांसाठी असेल, पण ही नोकरी म्हणजे खाजगी करार, कामगार न्यायालयात जा. पास्कलची बायको बाकावर बसून रडली. मला काळजी लागली, ती तिची नाही, माझी. कामगार न्यायालयात साक्ष होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. मला बोलावून घेतलं. मी दाराशी आपणहून बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

"घटना घेऊन गेला होता तुमचा पास्कल," साहेब म्हणाले. "माझ्या गेटच्या आत घटनाबिटना काही नाही. इथे मी." मग माझ्या तळहातावर पेढा ठेवला. "तू आपला माणूस. तिथे एवढंच सांग, बिल्ला नव्हता."

आपला माणूस! त्यांनी आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं. पेढा हातात विरघळत होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवला, बूट घातले, बाहेर पडलो. ते मागून काहीतरी ओरडले. वळलो नाही.

घरी बायकोच्या ट्रंकेत, तिच्या लग्नाच्या शालूखाली बिल्ला होता. तो घेऊन वसईला गेलो. वकीलबाईंकडे पास्कल बसलेला. बिल्ला टेबलावर ठेवला. काय घडलं ते सगळं सांगितलं. बाई लिहीत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "तुमच्यावरही केस होऊ शकते. समजतंय ना?" म्हटलं, समजतंय.

पास्कलने डाव्या हाताने बिल्ला उचलला, नंबर बघितला.

"एवढे दिस तुझ्याकडं व्हता?"

"हो."

त्याने तोंड फिरवलं. बरं केलं. माफी मागायचं तोंड मला नव्हतंच.

कामगार न्यायालयात केस लागलीय. माझी साक्ष सोमवारी आहे. साहेब समोर बसलेले असतील. मी बूट घालून उभा राहणार. लाइन चालू करायला त्यांनी सांगितलं, हे नंतर बोलेन. आधी हे: बिल्ला टांगलेला होता. तो मी काढला.