सहीचा पश्चात्ताप

माझ्या सासूबाई परळच्या आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांचा वर्ग घेतात. हा वर्ग केल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही. मूल नको असलं तरी गोळ्या नकोत, साधनं नकोत, ऑपरेशन तर नकोच. दिवस मोजा, तक्ता भरा आणि संयम पाळा, ही कॅथलिक शिकवण त्या वीस वर्षं न लाजता शिकवत आल्यात. पोरं माना खाली घालून हसतात. सासूबाई हसत नाहीत.

मी त्यांची सून, आणि मी मूल बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं. धाकट्याच्या वेळी माझं हृदय दगा देता देता राहिलं. तिसऱ्या खेपेला तुम्हाला वाचवणं माझ्या हातात नसेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. नवरा जहाजावर नोकरीला, तेव्हा भर समुद्रात. हॉस्पिटलच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही हवी होती. सासूबाईंनी चष्मा लावला, फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. त्यावर घरात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

मी मूळचीच तिखट. आमच्या फादरांशी जाऊन भांडले. मोठं पाप मनावर असताना मिस्सेच्या उपासनेत कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी मिळणारा ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं नाही आणि क्षमा हवी तर पश्चात्ताप हवा, हे ते शांतपणे सांगत राहिले.

"रोमनं ठरवलंय, मी कोण बदलणार?"

"मग मी मेल्यावर माझी पोरंही रोमलाच सांभाळायला सांगा!" असं म्हणून मी उठले.

तीन वर्षं दर रविवारी आमची रांग वेदीकडे निघाली की मी पाय आखडून बाकावरच बसायचे. सासूबाई वर माळ्यावर ऑर्गन वाजवत. यांचं बरं आहे, असं मला वाटायचं. सही करून मोकळ्या, आणि देवाच्या लाडक्या त्या लाडक्याच.

यंदा मोठीचं पहिलं कम्युनियन ठरलं. लेकराला मध्ये घेऊन आईवडिलांनी वेदीपाशी जायचं आणि तिघांनी मिळून कम्युनियन घ्यायचं, ही आमच्या चर्चची रीत. "मम्मी, तू येणार ना?" तिनं विचारलं आणि माझी सगळी ऐट उतरली. मी ठरवलं, सरळ खोटं बोलायचं. पश्चात्ताप झालाय म्हणायचं, क्षमा घ्यायची आणि पोरीचा हात धरायचा.

आता, आमच्यात नाजूक पाप असलं की कुणी आपल्या चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, जात नाही. जाळीपलीकडून फादर आवाज ओळखतात. म्हणून परळकर गिरगाव गाठतात. गिरगावकर बहुधा परळला येत असावेत. मी बसनं गिरगावात गेले, डोक्यावरून ओढणी घेतली, रांगेत उभी राहिले आणि बघते तर माझ्या पुढे तिसऱ्या नंबरवर सासूबाई!

त्या आत गेल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या. मला पाहून दचकल्या, मग माझा दंड धरून मला मागच्या बाकावर घेऊन बसल्या.

"आई, तुम्ही इथे कशाला?"

"सहीचं सांगायला. ईस्टरच्या आधी दर वर्षी येते."

"मग? मिळाली क्षमा?"

"कशी मिळेल, बाय? फादर विचारतात, पश्चात्ताप होतो का? मी सांगते, नाही होत. चर्चची शिकवण खोटी असं मी म्हणणार नाही. शिकवते ते मनापासून शिकवते. पण तू जिवंत आहेस याचा पश्चात्ताप कसा करू?"

"म्हणजे तुम्हीपण कम्युनियन घेत नाही?"

"ऑर्गन वाजवणाऱ्या बाईकडे कोण बघतं?"

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. जे खोटं मी दोन मिनिटांत बोलायला आले होते, ते ही बाई तीन वर्षं बोलली नव्हती. चर्च मोठं की आपलं मन, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद झडतात, मीही तोंडसुख घेते. दोन्हींचा मान राखून त्याचा त्रास स्वतः गुपचूप सोसणारं माणूस मी हे एकच पाहिलं. मी रांगेत परत गेले नाही. दोघी एकाच बसनं घरी आलो.

पोरीला मी खरं ते सांगितलं. जेवढं कळलं तेवढ्यावर ती रुसली. पहिल्या कम्युनियनला नवरा सुट्टीवर आला होता. सहीच्या वेळी आपण समुद्रात होतो, सबब आपला संबंध नाही, असं त्याचं सोयीचं म्हणणं. पोरीचा हात धरून तोच पुढे गेला.

त्या दिवशी ऑर्गनवर दुसरंच कुणी होतं. सासूबाई माळ्यावरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसल्या. कम्युनियनला आमची रांग उठली. त्यांच्या वर्गात शिकून लग्न केलेली कितीतरी जोडपी आजूबाजूला होती, समोर फादर होते. सासूबाईंनी पाय आखडून पलीकडच्या बाईला वाट करून दिली आणि सगळ्यांच्या देखत त्या माझ्याबरोबर बसून राहिल्या.