गणपामामा आणि काचेवरचं आकाश

चार माणसं रोज एका खोलीत बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. आमच्या खोलीत धुळीला सक्त मनाई आहे, त्यामुळे सगळी जागा किश्शांनाच मिळाली!

खोली म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजची तळमजल्यावरची जुनी खोली. फिजिक्सच्या एका सरांनी पन्नासेक वर्षांपूर्वी गच्चीवरच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं आकाशाचे फोटो काढले. फिल्मवर नाही, काचेवर. काचेच्या एका बाजूला रसायनाचा थर, त्यावर तारे उमटायचे. सर गेले, दुर्बीण गंजली, काचा मात्र लाकडी पेट्यांत तशाच राहिल्या. एखादा तारा त्या काळी किती तेजस्वी होता हे आज कितीही भारी दुर्बीण आणली तरी कळत नाही. ते या काचांनाच विचारावं लागतं. म्हणून बाहेरच्या संशोधकांना त्या हव्या आहेत, आणि आम्ही त्या साफ करून, स्कॅन करून नव्या पाकिटांत ठेवतोय.

आम्ही म्हणजे फिजिक्सच्या सुजाता मॅडम, जन्मभर फोटो स्टुडिओ चालवून आता तो बंद केलेले सलीमभाई, मामा जिला नुसतं "बाई" म्हणतात ती निवृत्त ग्रंथपाल मी, आणि गणपामामा. मामा कॉलेजचे जुने शिपाई. सरांबरोबर गच्चीवर तेच असायचे. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण पेट्यांची किल्ली त्यांनी कुणाला दिली नव्हती. आम्हाला काचा मिळाल्या त्या मामांसकट!

मामांना घोर एकच. संस्थेनं तोंडी सांगून ठेवलेलं, "स्कॅन झालं की खोली जिमला द्या." आणि काचांचं काय? तर "बघू." हे "बघू" ऐकल्यापासून मामांना जेवण गोड लागत नव्हतं. "कॉम्प्युटरात गेलं की काचा भंगारात," असं ते रोज एकदा म्हणायचे.

*

या काचांवर सगळं उलटं असतं. आकाश पांढरं, तारे काळे ठिपके. आता सलीमभाईंनी चाळीस वर्षं काय केलं? निगेटिव्हवरचे डाग काढले! नवरीच्या गालावरचे फोड, नवरदेवाच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं पेन्सिलीनं आणि पात्यानं गायब.

पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यांना एक काच तपासायला दिली. थोड्या वेळानं वळून बघतात तर सलीमभाईंच्या डोळ्याला भिंग, हातात रिटचिंगचं पातं, आणि पातं काचेपासून नखभर अंतरावर!

"सलीमभाई! तो तारा आहे!"

सलीमभाईंनी पातं खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "हात आपोआप गेला वो मॅडम. एवढं डाग ठिवून फोटो दिला असता तर गिऱ्हाईकानं माझ्या तोंडावर फेकला असता की!"

दुसऱ्या दिवसापासून ते पातं घरी ठेवून येतात.

*

पण त्याच सलीमभाईंनी एकदा आमची अब्रू वाचवली.

एका काचेवर एक ठिपका सापडला, जो आकाशाच्या त्याच भागाच्या दुसऱ्या कुठल्याच काचेवर नव्हता. व्हिडिओ कॉलवर बाहेरगावचे संशोधक खुर्चीतून उठलेच. नवा तारा! आमचा चहा गार झाला. मी तर मनातल्या मनात पेपरला द्यायची बातमीसुद्धा लिहून टाकली.

सलीमभाई भिंग लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "साहेब, ताऱ्याची कडा मऊ असती, हळूहळू फिकी हुत जाती. ह्याची कडा कापल्यागत हाय. काच धुयाच्या डेव्हलपरची पूड नीट विरघळली न्हवती, तिचा कण चिकटलाय."

संशोधक थोडे नाराज झाले. "तुम्हाला खात्री आहे?"

"साहेब, असल्या एका कणापायी मी एका लग्नाचा ग्रुप फोटो दुसऱ्यांदा काढलाय. अख्खं वऱ्हाड परत बोलावून!"

संशोधक खाली बसले.

*

मामांचा एक कायदा आहे. काच उभ्यानं धरायची नाही. जमिनीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर मांडी घालून बसायचं, अंगठी-घड्याळ काढायचं, आणि काच दोन्ही हातांनी फक्त कडांना धरायची. हातातून निसटलीच तर वीतभरच पडणार, आणि तीही घोंगडीवर.

जपणूक कशी करायची हे शिकवायला एक तज्ज्ञ आले होते. घोंगडी बघून त्यांना धक्काच बसला. लोकरीचे तंतू काचेला लागतात म्हणाले, उंच टेबल हवं म्हणाले. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पावणं, तुमच्या टेबलावरनं काच खाली पडली तर किती फूट जाती?"

तज्ज्ञांनी टेबलाकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं. शेवटी घोंगडीवर स्वच्छ सुती चादर घालायची असा तह झाला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, "हाताळणीसाठी जमिनीलगतची मऊ बैठक उपयुक्त आहे."

मी ते मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "म्हंजी घोंगडीच न्हवं?"

*

मलकापूर भागातले एक गृहस्थ एकदा शोधत शोधत आले. इथं जुन्या रात्रींचं आकाश ठेवलंय असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मुलाचं लग्न जमत होतं, पण पत्रिका हरवलेली. "पोरगं जल्मलं त्या रात्रीची काच काढा की. मंगळ हाय का न्हाय तेवढं बगतो आन् जातो."

मॅडमनी त्यांना अर्धा तास समजावलं. मंगळ, पत्रिका, विज्ञान, सगळं. पाहुणे मान डोलवायचे आणि शेवटी, "ते खरं वो, पर काच काढा की!"

अखेर मामा उठले. तारीख विचारली आणि सरांची जुनी वही काढली. "त्या राती ढग हुतं पावणं. फोटूच काढला न्हाय. मंगळ बी न्हाय, काय बी न्हाय!"

"मंगळ न्हाय म्हणतासा न्हवं? मग झालं तर!" पाहुणे खूश होऊन गेले. लग्न झालं. पेढेही आले.

*

एका काचेच्या कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट ठसा निघाला. सुजाता मॅडम भडकल्या. कुणी हात लावला? आम्ही तिघांनी आपापले अंगठे लपवले.

मग मी जुनं पाकीट पाहिलं. सरांच्या अक्षरात नोंद होती, "नऊनंतर ढग. काम थांबवले. गणपाने भजी आणली."

मामांनी आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. "तवा नवीन हुतो की मी," एवढंच म्हणाले.

तो ठसा आम्ही पुसला नाही. मॅडमच म्हणाल्या, कोपऱ्यातच आहे, राहू दे.

पुसण्यावरून आठवलं. सर काचेच्या मागच्या बाजूला शाईनं लिहायचे. ताऱ्याभोवती गोल, बाजूला बारीक आकडे. स्कॅन करायचं तर ते पुसावंच लागतं, नाहीतर शाईखालचे तारे दिसत नाहीत. मामा हटून बसले. "सर गेलं. आता अक्षर बी पुसायचं?"

प्रत्येक काचेचा आधी आहे तसा फोटो काढून ठेवायचा असं ठरलं. तरीही पुसायला कुणी धजेना. मग मामाच पुढे आले. काचेला नमस्कार केला आणि ओल्या फडक्यानं, देवाची मूर्ती पुसावी तसं, एकेक अक्षर पुसलं.

*

आणि मग संस्थेचे अध्यक्षसाहेब आले. स्कॅनिंग संपत आलेलं. साहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बरोबर जिमवाला, त्याच्या हातात टेप. भिंतींची मापं सुरू झाली. मॅडमचा चेहरा उतरला.

मामा म्हणाले, "साहेब, आलायसा तर एक काच बगून जावा."

कायदा म्हणजे कायदा! साहेबांनी अंगठ्या काढल्या, घड्याळ काढलं, घोंगडीवर मांडी घातली. मामांनी पाकिटातून काच काढून त्यांच्या दोन्ही हातांत दिली. "कडंला धरा. जगात एकच हाय. आता हलू नका."

साहेबांनी काच उजेडाकडे धरली. "वा! काय बारीक बारीक तारे हो!"

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. "मामा, धरा जरा."

मामांनी हात मागे बांधले. "धरतो की. काचांचं काय ठरलं साहेब?"

"बघू."

फोन थांबला, परत सुरू झाला. साहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले, कपाळावर घाम आला. जिमवाला मदतीला पुढे सरकला, तशी मामांनी त्याला नजरेनंच जागेवर थांबवलं.

"काचा हितंच ऱ्हाणार का साहेब?"

"ऱ्हातील बाबा, ऱ्हातील! धर पहिलं!"

"कायमच्या?"

"कायमच्या!"

"बाई, लिवून घ्या."

मी लिहिलं. मामांनी काच घेतली. साहेब उठले, गुडघे चोळले, माझ्या हातातला कागद वाचला, आणि हसत हसत खाली सही केली. "गणपा, तू शिपाई न्हवंस, फौजदार हाईस!" जिमवाल्यानं टेप गुंडाळली.

गाडी गेटबाहेर गेली आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. आनंदाचं होतं, पण त्या मामांवर चिडल्याही. "मामा, हात थरथरत होते त्यांचे! फुटली असती तर?"

मामांनी त्या काचेवरचे "बारीक बारीक तारे" शर्टाच्या टोकानं खसाखसा पुसून टाकले. आम्ही तिघं एकदम ओरडलो. मामांनी लक्षच दिलं नाही. काच काखोटीला मारली, व्हरांड्यातल्या खिडकीपाशी गेले, आणि रिकाम्या चौकटीत ती परत बसवून आले.