बहिरू गुरवाचा भंडारा

आमच्या गावात सगळ्यांत भित्रा माणूस कोण, असं विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा बहिरू गुरवाच्या घराकडं बोट दाखवायचं. रत्नाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आवाज चढवला की हा देवळात जाऊन बसायचा. देवळात वटवाघूळ फडफडलं की परत रत्नाबाईकडं. असला माणूस. आणि तरी आमच्या सरपंचाच्या तोंडून आयुष्यात एकदा जे खरं बाहेर पडलं, ते ह्या बहिरूनं पाडलं. कसं, ते सांगतो. मी कमरुद्दीन, माझं शिवणाचं दुकान भैरोबाच्या देवळाला तोंड करून आहे, त्यामुळं मी सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त मध्ये बोलायचं नाही. माझा टाका चुकतो आणि मग मला राग येतो.

साल एकसष्ट की बासष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. उरवड्याच्या पलीकडं, ओढ्याला लागून आमचं गाव. घरं शंभर आणि पुढारी दोन. एक हैबतराव, दुसरा कोंडाजी. दोघंही जमीनवाले, दोघांच्याही मिशा सारख्याच. फरक एवढाच की हैबतराव गोड बोलायचा आणि कोंडाजी बोलायचाच नाही.

हैबतरावाला मताची खात्री पाहिजे होती. कागदावर शिक्का मारताना आत कोण बघतोय? म्हणून त्यानं बेल-भंडारा काढला. आमच्याकडं ताटात बेलाची पानं आणि देवाची हळद ठेवायची, ती ओंजळीत उचलायची आणि बोलायचं. त्यावर बोललेलं खोटं ठरलं तर वंश बुडतो, अशी समजूत. नुसती समजूत नाही, भीती. कोर्टात छातीठोक खोटं बोलणारा माणूस भंडाऱ्यापुढं चळाचळा कापतो.

झालं! रोज संध्याकाळी हैबतराव पुढं, बहिरू ताट घेऊन मागं, घरोघर. "उचल भंडारा, मत कुणाला?" "तुमाला, सायेब." दुसऱ्या दिवशी कोंडाजी पुढं, बहिरू मागं. तेच घर, तोच माणूस, तेच ताट. "मत कुणाला?" "तुमाला, आण्णा." माझ्याही दुकानात आले. मी म्हटलं, सायेब, मी मुसलमान, मला भंडारा कसा चालेल? हैबतराव म्हणाला, "मग मशिनीवर हात ठिव." ठेवला. दुसऱ्या दिवशी कोंडाजीसाठी परत ठेवला. तिसऱ्या दिवशी मशिनीचा पट्टा तुटला! बहिरू डोळे विस्फारून बघत राहिला.

"कमरुद्दीनभाई, आता काय रं करायचं? समदा गाव दोनी बाजूनं शपथा घितोय. एक तर खोटी पडणारच. लोकांची पोरंबाळं हायेत. पाप कुणाला? ताट धरणाऱ्याला!"

"मग धरू नकोस ताट."

"आणि हैबतराव?"

हा असा. पण भित्र्या माणसाची अक्कल वेगळ्या वाटेनं चालते. जेजुरीहून वर्षाचा आणलेला भंडारा तसाही संपत आला होता. त्यानं रत्नाबाईच्या डब्यातलं हरभऱ्याचं पीठ काढलं, त्यात रंगापुरती चिमूटभर हळद मिसळली आणि ताटात तेच घालायला लागला. म्हणजे शपथही नाही आणि पापही नाही. ही गोष्ट फक्त तिघांना माहीत होती. तो, रत्नाबाई आणि मी. मी म्हटलं, बहिरू, तू गाढव आहेस, पण देवाचं गाढव आहेस.

मतदानाच्या दिवशी खालच्या वाडीची माणसं कोंडाजीच्या बैलगाड्यांतून येत होती. ओढ्यात गाड्या उतरल्या आणि करंजाच्या झाडामागून दगड आले. बैल उधळले, गाडी कलंडली, बायका पाण्यात पडल्या. सत्तर वर्षांच्या कुशाबाच्या डोक्याला खोक पडली, सहा टाके. अर्धी वाडी भिऊन परत गेली आणि हैबतराव एकोणीस मतांनी निवडून आला. दगड कुणाचे ते सगळ्या गावाला माहीत. पण सरपंचाशी वैर कोण घेणार? पाण्यात राहून माशाशी वैर!

फौजदार आला. त्याला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं. हैबतरावानं दुःखानं मान हलवली आणि नाव दिलं नथूचं.

नथू कोण? रत्नाबाईचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा गडी, बहिरूकडं राहून देवळात ढोल वाजवायचा. गरीब गाय. त्याच्या पाठीशी कुणी वजनदार नाही, म्हणून त्याचं नाव. फौजदारानं त्याला नेऊन कोठडीत टाकला. आणि लग्न बारा दिवसांवर! भूगावची मुलगी ठरलेली. तिच्या बापाचा निरोप आला, जावई लग्नाच्या दिवशी कोठडीत असला तर मुलगी दुसरीकडं देणार. माझ्या दुकानात खुंटीला त्याचा लग्नाचा कोट लटकत होता, अर्धा शिवलेला.

मला तर खरं माहीतच होतं. दगड पडले तेव्हा नथू माझ्या दुकानात बसला होता, कमरेला टॉवेल गुंडाळून. त्याला लेंगा एकच आणि तो माझ्या मशिनीखाली, बसायच्या जागी फाटलेला. मी फौजदाराला सांगितलं, साहेब, उघडा माणूस ओढ्यावर दगड मारायला कसा जाईल? फौजदार म्हणाला, "टेलर, तू तुझं शीव." आता सांगा, राग येईल का नाही?

रत्नाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. गुरुवारी ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती, "माजं काय मागणं न्हाई. सरपंचानं समद्या गावाला भंडारा उचलाया लावला ना? आता त्यानं सोता उचलावा आन् म्हणावं, दगड नथूनं मारला. मग मी गप घरला जाते."

गावाला पटलं. पटणारच! प्रत्येकानं दोन-दोनदा उचललेला, प्रत्येकाची झोप उडालेली. आम्ही उचलायचा आणि ह्यानं का नाही? चावडीवर माणसं जमली. सगळ्यांना वाटलं हैबतराव आता काहीतरी सबब काढणार. तर तो हसत म्हणाला, "उचलतो की! रैवारी सकाळी, भैरोबापुढं. फौजदारसायबालाबी बोलवा."

लोक चाट पडले. मी पण. पण बहिरूचं तोंड पांढरं झालेलं मी पाहिलं. मी त्याला हाताला धरून दुकानात ओढलं आणि दार लोटलं.

"बोल."

तेव्हा कळलं. निवडणूक झाल्यावर हैबतरावानं हिशेब केला. दीडशेजणांनी त्याच्यासाठी भंडारा उचलला होता आणि मतं पडली ऐंशी. म्हणजे सत्तरजण खोटं बोलले. मग त्यांचा एकाचाही बैल का मेला नाही? साधं गळू का उठलं नाही कुणाला? त्याच्या उपरण्याच्या गाठीत त्या ताटातला चिमूटभर भंडारा होता. त्यानं जिभेवर ठेवून बघितला आणि बहिरूची मानगूट धरली. बहिरूनं सगळं कबूल केलं. हैबतराव आधी चिडला, मग पोट धरून हसला आणि ही गोष्ट स्वतःजवळ ठेवली. शहाण्या माणसानं कामाची वस्तू फेकायची नसते.

"आणि आज म्हणतोय," बहिरू म्हणाला, "रैवारी ताटात त्योच भंडारा ठिव. दुसरा ठिवलास तर देवळाची जमीन, तुजी पूजा, समदं काढून घीन."

"मग तू काय म्हणालास?"

"व्हय म्हणालो."

माझं टाळकंच सरकलं. "अरे भेकडा! तुझ्या सख्ख्या मेव्हण्याचं आयुष्य त्या ताटात ठेवलंय! एसटी धर, जेजुरीला जा, खरा भंडारा आण!" माझा आवाज एवढा चढला की बाहेर कोंबडी पळाली. बहिरू खुंटीवरच्या कोटाकडं बघत राहिला, मग उठून गेला.

शनिवारी तो गावात दिसला नाही. पहाटेच कुठंतरी गेला होता, दिवस मावळायला परत आला. पिशवी होती खांद्याला. मला हायसं वाटलं.

रविवारी देवळापुढं मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. फौजदार खुर्चीवर, शेजारी नथू, अंगावर तोच लेंगा. माझी शिलाई टिकली होती एवढंच समाधान. बायकांत पुढं हैबतरावाची बायको धोंडाबाई, आणि डोक्याला ही भली मोठी पट्टी बांधून कुशाबा. बहिरू ताट घेऊन आला. ताटातली बेलाची पानं नाचत होती.

हैबतरावानं ताटाकडं बघितलं, बहिरूकडं बघितलं, आणि माझ्या देखत डोळा मिचकावला. ओंजळ पुढं केली. तेवढ्यात बहिरू बोलला. वीस वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"गावकरी मंडळी! आज सरपंच उचलणार, म्हणून काल दिसभर मी गावात नव्हतो हे समद्यांनी बगितलंय. सरपंचांच्या हातात साधासुधा भंडारा कसा द्यायचा? आता ज्यानं त्यानं काय ते समजावं!"

हैबतरावाची ओंजळ हवेतच राहिली.

तो ताटाकडं टक लावून बघत होता. पिवळं ते पिवळंच. जिभेवर ठेवलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण एवढ्या गावापुढं शपथेचा भंडारा चाखून बघायचा? आणि का चाखलास म्हणून कुणी विचारलं तर? त्यानं वाकून वास घेतल्यासारखं केलं. त्यात हळदीचा वास होताच. बहिरू डोळे मिटून उभा. मला वाटलं आता पडतोय.

"उचल की रं हैबती," कुशाबा म्हणाला. "माज्या डोस्क्याला ऊन लागतंय."

हैबतरावानं हात पुढं केला. मागं घेतला. परत पुढं केला. आणि तेवढ्यात धोंडाबाई किंचाळली, "नका! नका उचलू! सूनंचं बाळंतपण धा दिसांवर आलंया! खोट्यानं उचलाल तर माज्या नातवावर येईल, मी जीव दीन!"

झालं! आता आणखी काय सांगायचं राहिलं? सगळं गाव धोंडाबाईकडं बघत होतं, मग हैबतरावाकडं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मी त्याला वीस वर्षं ओळखत होतो, त्याचे सदरे शिवत होतो, पण त्या क्षणाला प्रथमच मला त्याची दया आली. त्यानं ओंजळ सोडली, टोपी काढली.

"दगड माज्या माणसांनी मारलं," तो म्हणाला. "मीच सांगितलं हुतं. भ्या दाखवा म्हणालो, डोस्की फोडा म्हणालो न्हवतो. पण सांगितलं मीच. नथूचा काय बी संबंद न्हाई."

रत्नाबाई उठली, नथूचा हात धरून त्याला फौजदाराच्या शेजारून ओढून घेऊन गेली. फौजदार बघतच राहिला. मी ओरडलो, "साहेब, आता तुम्ही तुमचं लिहा!"

हैबतरावाला फौजदार घेऊन गेला, दोन दिवसांनी तो जामिनावर सुटून आला. सरपंचकी सोडली. आणि कुशाबानं त्याला आणखी एक शिक्षा दिली. "मला तुजा पैका नगं. टाकं निगूस्तवर रोज सकाळी यायचं आन् माज्या डोस्क्याची पट्टी बदलायची." आणि बदलली हो त्यानं! वाडीवरची माणसं दातण करत बसायची आणि माजी सरपंच कुशाबाच्या ओट्यावर वाकून हळद लावत असायचा. "हळू रं, मेल्या," कुशाबा म्हणायचा.

नथूचं लग्न ठरल्या दिवशी झालं. कोट मी रात्रीचा दिवस करून पुरा केला, एक बाही किंचित आखूड झाली, कुणाच्या लक्षात आली नाही. पंगतीला लापशी, आमटी आणि गरमागरम भजी. हैबतराव पण जेवायला आला. आला म्हणजे काय, मान खाली घालून दारात उभा राहिला. रत्नाबाईनंच "या, बसा" म्हटलं. बहिरूनं स्वतःच्या हातानं लावलेली पत्रावळ त्याच्यापुढं मांडली. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

सगळे जेवायला लागले. हैबतरावानं एक भजं तोंडात टाकलं, दुसरं हातात धरलं आणि वाढणाऱ्या बहिरूला हळूच खुणेनं जवळ बोलावलं.

"बहिरू. खरं सांग. त्या दिवशी ताटात जेजुरीचा हुता न्हवं?"

बहिरू बिचारा घाबरला. जुनी सवय. म्हणाला, "न्हाई, सायेब. तुमी ज्यो ठिव म्हणला हुता, त्योच ठिवला. मी तुमचा शबूद कदी मोडलाय व्हय?"

"आन् शनवारी कुटं गेला हुतास?"

"उरवड्याला. मावसबहिणीकडं. ह्याच पत्रावळी लावत बसलो हुतो, लगीन व्हतंय का न्हाई म्हणून रडत हुतो."

मलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं, लेकानं! हैबतरावाचं तोंड चालायचं थांबलं.

"मंग त्यो भंडारा... त्यो कुटं गेला?"

बहिरूनं हातातल्या परातीकडं बघितलं, मग हैबतरावाच्या हातातल्या भज्याकडं. "देवापुढं ठिवलेलं पीठ टाकून कसं द्यायचं, सायेब? रत्नी म्हणाली, परसाद हाय."

हैबतराव त्या भज्याकडं बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता पत्रावळ उधळतोय. पलीकडच्या पंगतीत कुशाबाला कुणीतरी काहीतरी बोललं आणि तो पट्टी सावरत हसला. हैबतरावानं तिकडं बघितलं. मग हातातलं भजं तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि गिळलं.

"चांगली झाल्यात," तो म्हणाला. "वाढ आनकी दोन."